आधी नाव, मग मार

२०२१ चा मे महिना. इकडं कोरोनाची दुसरी लाट भरात होती. रोज सकाळी मोबाइल हातात घ्यायची भीती वाटायची, कारण मेसेज म्हणजे कुणाच्या तरी मयतीची खबर. त्या दिवसांत मिसिसागाहून माझा भाचा मन हलकं करायला म्हणून आइस हॉकीच्या क्लिप पाठवायचा. मन हलकं व्हायचं ते राहिलंच. त्या महिन्यातल्या दोन क्लिपांनी माझ्या डोक्यात जे किडं सोडलं ते अजून वळवळतंय. आज चार वर्षांनंतर लिहायला बसलोय ते त्याचमुळं.

पहिली क्लिप ३ मेची. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. न्यूयॉर्क रेंजर्स विरुद्ध वॉशिंग्टन कॅपिटल्स. गोलसमोर झटापट होते. रेंजर्सचा पावेल बुचनेविच तोंड खाली करून बर्फावर पडलाय. वॉशिंग्टनचा टॉम विल्सन, सव्वासहा फुटांचा धिप्पाड गडी, त्याच अवस्थेत त्याच्या डोक्यावर मागून ठोसा लगावतो. सोडवायला आर्टेमी पनारिन येतो. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही. विल्सन त्याला धरतो आणि बर्फावर आपटतो, एकदा नव्हे. पनारिन हा रेंजर्सचा सगळ्यात महागडा, सगळ्यात हुशार खेळाडू. तो त्या मोसमात पुन्हा खेळला नाही. विल्सन मात्र शिक्षेच्या खोक्यात बसून दंडाच्या बेटकुळ्या दाखवत होता आणि वेळ संपल्यावर परत मैदानात उतरला. सामना वॉशिंग्टननं जिंकला.

दुसरी क्लिप १९ मेची. प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्यांचा काळ. कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच विरुद्ध सेंट लुईस ब्लूज. ब्लूजचा जस्टिन फॉक पक मारून मोकळा झालाय आणि समोरून कोलोरॅडोचा नाझेम काद्री येऊन त्याच्या डोक्याला धडकतो. फॉक कोसळतो. त्या मालिकेत तोही पुन्हा खेळला नाही.

आता निकाल ऐका. विल्सनला बुचनेविचच्या ठोशाबद्दल ५ हजार डॉलर दंड. पनारिनला आपटल्याबद्दल काहीच नाही. एकाही सामन्याची बंदी नाही. काद्रीला ८ सामन्यांची बंदी.

भाच्यानं खाली एकच ओळ लिहिली होती, आमच्या घरातल्या दखनीत. ‘पहले नाम देखते मामू, बाद में मार देखते.’

काद्री हा कॅनडातल्या ओन्टारिओ प्रांतातल्या लंडन गावचा. आजी-आजोबा लेबनॉनहून आलेले. मुसलमान. २००९ साली टोरंटोनं पहिल्या फेरीत सातव्या क्रमांकावर निवडलेला. साहजिकच तिकडच्या प्रत्येक देशी-अरबी मुसलमान घरात तो ‘आपला पोरगा’ असतो, जसा आपल्याकडं झहीर खान श्रीरामपूरचा म्हणून नगर जिल्ह्याचा असतो. भाच्याच्या ओळीचा रोख मला कळला. आणि पहिल्या झटक्यात मलाही तो पटला. आपल्याला असं पटायला फार वेळ लागत नाही, सवय आहे.

पण मग मी बसून काद्रीचा जुना हिशेब पाहिला. २०१३ मध्ये गोलकीपरला धडक, ३ सामने. २०१५ मध्ये डोक्याला धडक, ४ सामने. २०१६ मध्ये काठी आडवी धरून तोंडाजवळ मार, ४ सामने. २०१८ च्या प्लेऑफमध्ये बोस्टनविरुद्ध, ३ सामने. २०१९ च्या प्लेऑफमध्ये पुन्हा बोस्टनविरुद्ध, काठीनं समोरच्याच्या तोंडावर मार, उरलेली सगळी फेरी बंद, जी पुढं ५ सामन्यांची निघाली. दोन्ही वेळा टोरंटो सातव्या सामन्यात हरलं. त्याच उन्हाळ्यात टोरंटोनं त्याला कोलोरॅडोला देऊन टाकलं. ज्याच्या नावावर एवढी पानं भरलीयत त्यानं फॉकच्या डोक्यात धडक दिली तर ८ सामने जास्त नाहीत. मी न्यायाधीश असतो तर मीही तेवढेच दिले असते. लीगचे कमिशनर गॅरी बेटमन यांनी अपिलात शिक्षा कायम ठेवली, तटस्थ लवादानंही कायम ठेवली. त्यात मला काही खोट दिसत नाही.

म्हणून आधीच सांगतो. काद्री बिचारा, त्याला मुसलमान म्हणून अडकवलं, असा हा लेख नाही. ज्यांना तसा हवा होता त्यांनी इथंच थांबावं. माझं भांडण त्या ८ सामन्यांशी नाही. माझं भांडण त्या ५ हजार डॉलरशी आहे.

कारण विल्सनचाही हिशेब कोरा नव्हता. २०१८ च्या सराव सामन्यात सेंट लुईसच्या ऑस्कर सुंडक्विस्टला डोक्यात धडक दिली म्हणून त्याला २० सामन्यांची बंदी बसली होती. मार्च २०२१ मध्ये, म्हणजे गार्डनच्या प्रकाराच्या फक्त दोन महिने आधी, बोस्टनच्या ब्रँडन कार्लोला बोर्डवर चिरडलं म्हणून ७ सामने. बोर्ड म्हणजे मैदानाच्या कडेची लाकडी-प्लास्टिकची भिंत. मग दोन महिन्यांनी तोच माणूस पडलेल्याच्या डोक्यात ठोसा मारतो आणि त्याची किंमत ठरते ५ हजार डॉलर. त्याचा वार्षिक करार ५१ लाख डॉलरच्या वर होता. वर्षाला ६ लाख कमावणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला हा दंड साधारण ५८० रुपयांना पडला असता. चौघांच्या बिर्याणीचं बिल.

लीगनं सांगितलं की खेळाडूंच्या करारानुसार दंडाची कमाल तेवढीच आहे. बरोबर, असेल. पण दंडाची कमाल गाठल्यावर पुढची पायरी बंदीची असते. ती कुणी अडवली होती?

आणि गोष्ट इथं संपत नाही. चिडलेल्या रेंजर्सच्या व्यवस्थापनानं जाहीर निवेदन काढलं. खेळाडू सुरक्षा विभागाचे प्रमुख जॉर्ज पॅरोस हे त्या पदावर राहायला लायक नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर लीगनं रेंजर्सला दंड ठोकला. किती? अडीच लाख डॉलर. पडलेल्या माणसाच्या डोक्यात ठोसा मारायला ५ हजार आणि ते चूक आहे म्हणायला त्याच्या पन्नास पट. हा फर्क ज्या संस्थेला लाज आणत नाही तिच्याकडून इन्साफाची अपेक्षा करणारे आपणच खुळे.

दोन दिवसांनी, ५ मे रोजी, हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. सामना सुरू व्हायची शिट्टी वाजली आणि पक जमिनीला लागताच दोन्हीकडच्या खेळाडूंनी हातमोजे फेकले. पहिल्या पाच मिनिटांत सहा मारामाऱ्या. कायद्यानं जे केलं नाही ते मुठींनी करायचं ठरलेलं होतं. ज्याच्या डोक्यात ठोसा बसला होता त्या बुचनेविचनं त्या सामन्यात वॉशिंग्टनच्या एका खेळाडूला तोंडावर काठी मारली. त्याला १ सामन्याची बंदी बसली. म्हणजे त्या सगळ्या प्रकरणात बंदी भोगली ती एकट्या मार खाणाऱ्यानं.

आता थोडं मागं जावं लागेल. आपल्यातल्या बहुतेकांना हॉकी म्हणजे गवतावरची, ध्यानचंदांची. बर्फावरची हॉकी वेगळी चीज आहे. पायात धारदार स्केट, अंगावर चिलखत, भोवती भिंत, आणि बाहेर जायला जागा नाही. पक ज्याच्याकडं आहे त्याला खांद्यानं, अंगानं धडक देणं नियमातच बसतं. तोच खेळाचा भाग. त्यामुळं ‘धडक दिली’ हा गुन्हा नव्हे. गुन्हा आहे तो धडक डोक्याला, मागून, उशिरा किंवा बेसावध माणसाला देण्याचा. ही रेघ कुठं ओढायची हाच सगळा वाद आहे, आणि नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ती रेघ रोज वेगळ्या जागी ओढते.

२०१० पर्यंत तर डोक्याला खांद्यानं धडक देणं हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. त्या वर्षी ७ मार्चला पिट्सबर्गच्या मॅट कूकनं बोस्टनच्या मार्क सावार्डला बाजूनं येऊन डोक्यात धडक दिली. सावार्ड बेशुद्ध. पंचांनी शिक्षा दिली नाही, लीगनं बंदी घातली नाही. नियमात बसत नाही, असं कारण दिलं. पुढच्या वर्षी आणखी एका धडकेनंतर सावार्डची कारकीर्द संपली. त्या धडकेवर लोक इतके खवळले की लीगला घाईनं नियम ४८ आणावा लागला. कूकला मात्र त्याचा काही त्रास झाला नाही.

यात एक चिमूटभर मसाला आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा शिक्षा ठरवणारे अधिकारी होते कॉलिन कॅम्पबेल. त्यांचा मुलगा ग्रेगरी याच लीगमध्ये खेळत होता. २०१० च्या नोव्हेंबरात एका खटल्यातून त्यांचे जुने ईमेल बाहेर आले. मुलावर लागलेल्या शिक्षेबद्दल ते पंचांच्या वरिष्ठाकडं तक्रार करत होते, आणि त्यातच एका खेळाडूला ढोंगी म्हणत होते. तो खेळाडू सावार्ड असल्याचं जाणकारांनी दाखवून दिलं. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळात हे चाललं असतं तर आपण हसून सोडून दिलं असतं. पण ही मंडळी जगाला प्रोफेशनलिझम शिकवतात.

८ मार्च २०११. मॉन्ट्रियल. बोस्टनचा कप्तान झ्देनो चारा, पावणेसात फूट उंच, मॅक्स पॅचिओरेटीला भिंतीकडेनं ढकलत नेतो आणि त्याचं डोकं दोन्ही बाकांमधल्या काचेच्या खांबावर आदळतं. मानेचा मणका मोडला, मेंदूला मार बसला. चाराला सामन्यातून बाहेर काढलं, पण पुढं एकाही सामन्याची बंदी नाही. कॅम्पबेल यांचा मुलगा तेव्हा बोस्टनमध्येच असल्यानं निर्णय त्यांच्या सहकाऱ्यानं दिला होता, एवढी सभ्यता पाळली गेली. एअर कॅनडानं प्रायोजकत्व काढून घेण्याची धमकी दिली, पोलिसांनी चौकशी केली. लीग ढिम्म.

त्या वर्षी उन्हाळ्यात कॅम्पबेल शिक्षेच्या कामातून बाजूला झाले. त्यांच्या जागी ‘खेळाडू सुरक्षा विभाग’ नावाचं नवं खातं आलं. प्रमुख ब्रेंडन शॅनहन, स्वतः मोठा खेळाडू. प्रत्येक बंदीसोबत व्हिडिओ यायला लागला, त्यात नियम समजावून सांगायचे. लोकांना वाटलं, आता हिशेब जुळेल.

२०१२ च्या एप्रिलमध्ये काय झालं बघा. ११ तारखेला नॅशव्हिलचा शिया वेबर डेट्रॉइटच्या हेन्रिक झेटरबर्गचं डोकं हातानं धरून काचेवर आपटतो. धडक नाही, खेळ नाही, पक कुठं आहे याच्याशी संबंध नाही. सामना संपतानाचा राग, बस. शिक्षा, अडीच हजार डॉलर दंड. झेटरबर्गला दुखापत झाली नाही आणि तो पुढचा सामना खेळणार आहे, हे विभागानं समाधानानं नमूद केलं. सहा दिवसांनी, १७ तारखेला, राफी टॉरेस शिकागोच्या मारियन होसाला धावत येऊन डोक्यात धडक देतो. होसाला स्ट्रेचरवरून नेतात. टॉरेसला २५ सामने. अपिलात २१ झाले.

टॉरेसबद्दल मला तिळमात्र सहानुभूती नाही. तो सुधारला नाही. २०१५ मध्ये पुन्हा तेच केलं, ४१ सामने बसले, म्हणजे ८२ सामन्यांच्या मोसमाचा बरोबर निम्मा. त्यानंतर तो या लीगमध्ये दिसला नाही. माझा प्रश्न वेबरचा आहे. वेबर ऑलिम्पिकमध्ये कॅनडाकडून खेळलेला, संघाचा कप्तान, सगळ्यांचा लाडका. टॉरेस चौथ्या फळीतला बदनाम गडी. एकाचं डोकं काचेवर आपटलं गेलं आणि ते नशिबानं फुटलं नाही, म्हणून अडीच हजार. दुसऱ्याचं फुटलं म्हणून पाव मोसम. मग शिक्षा कशाला झाली, कृत्याला की कवटीच्या मजबुतीला?

विभागाच्या नियमांतच लिहिलेलं आहे की शिक्षा ठरवताना दुखापत झाली का हे बघायचं. ऐकायला रास्त वाटतं. पण याचा अर्थ असा की मारणाऱ्याच्या शिक्षेचा निम्मा भाग मार खाणाऱ्याच्या नशिबावर सोडायचा. आणि दुखापतीचा निकषसुद्धा सरळ चालत नाही. पॅचिओरेटीची मान मोडली होती, तेव्हा निकाल शून्य. पनारिनचा मोसम संपला होता, तेव्हाही शून्य. निकष असतो, पण तो ज्या दिवशी सोयीचा असेल त्या दिवशी असतो.

आता जॉर्ज पॅरोस. २०१७ पासून खातं यांच्याकडं. प्रिन्स्टन विद्यापीठात शिकलेला, हुशार माणूस, मिशांसाठी प्रसिद्ध. कारकीर्द मात्र ‘एन्फोर्सर’ची, म्हणजे संघानं मारामारीसाठी ठेवलेला गडी. २०१३ मध्ये एका मारामारीत तोल जाऊन तोंडावर आपटला, बेशुद्ध झाला, स्ट्रेचरवरून गेला. बर्फ डोक्याला काय करतो हे ज्याला स्वतःच्या डोक्यानं माहीत आहे तो माणूस या खुर्चीत बसला, याला मी वाईट म्हणणार नाही. मी बाकीच्यांसारखं ‘चोराच्या हाती किल्ल्या’ म्हणत नाही. माझा आक्षेप माणसाला नाही, खुर्चीला आहे. ती खुर्ची लीगच्या कार्यालयात आहे. लीग मालकांची आहे. पगार मालक देतात. तिकिटं विकतात मालक, आणि धडकांचे व्हिडिओ गाणं लावून दाखवतात तेही मालकच. सुनावणी त्यांच्यासमोर, पहिलं अपील त्यांच्याच कमिशनरसमोर. ६ किंवा जास्त सामन्यांची बंदी असेल तरच पुढं तटस्थ लवादाकडं जाता येतं.

आणि लवादानं लीगला न आवडणारा निकाल दिला तर काय होतं तेही पाहून घ्या. २०१६ मध्ये कॅल्गरीच्या डेनिस वाइडमननं लाइन्समनला मागून पाडलं. २० सामने. लवादानं ते १० वर आणले, तोवर तो १९ भोगून बसला होता. लीगनं त्या लवादाला काढून टाकलं आणि निकालाविरुद्ध कोर्टात गेली. कोर्टात हरली. विल्सनच्या २० चे लवादानं १४ केले, तोवर १६ झालेले होते. म्हणजे जी एकुलती एक बाहेरची खिडकी आहे तीही इतकी उशिरा उघडते की हवा येईपर्यंत माणूस घरी गेलेला असतो.

मालकांना झोडपून खेळाडूंच्या संघटनेला सोडून द्यायचं, हा आपल्याकडच्या डाव्या मित्रांचा आवडता खेळ. मी तो खेळणार नाही. दंडाची ती हास्यास्पद मर्यादा करारात आहे, आणि करार दोघांनी मिळून केलाय. सुनावणीला संघटनेचा माणूस आरोपीच्या बाजूनं उभा राहतो. ज्याचं डोकं फुटलं तोही वर्गणी भरणारा सभासद असतो, पण त्याच्या बाजूनं त्या खोलीत कुणी बसत नाही. वर, प्लेऑफमध्ये खेळाडूंना नेहमीचा पगारच नसतो, त्यामुळं तिथं बंदी बसली तरी खिशातून एक डॉलर जात नाही. सगळ्यात जास्त धडका कधी बसतात? प्लेऑफमध्ये.

या सगळ्यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. ‘खेळच तसा आहे. वेग बघा, सेकंदाच्या भागात निर्णय होतो.’ मी ते गंभीरपणे घेतो, कारण बऱ्याच धडकांबाबत ते खरं आहे. समोरचा अचानक वाकतो आणि खांदा डोक्याला लागतो. अशा वेळी बंदी घालू नका, मी काही म्हणणार नाही. पण बुचनेविच वाकला नव्हता, पडलेला होता. झेटरबर्गचं डोकं वेगानं नव्हे, हातानं गेलं काचेवर. या दोन्ही प्रसंगांत सेकंदाचा प्रश्नच नव्हता. नेमक्या त्याच प्रसंगांत सगळ्यात स्वस्त शिक्षा झाल्या. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत डोक्याला धडक म्हणजे जबाबदारी धडक देणाऱ्याची, असा नियम वर्षानुवर्षे आहे. तोच खेळ, तोच वेग, पुष्कळदा तेच खेळाडू. तिथं त्यांना जमतं.

न्याय मिळत नाही तिथं माणसं स्वतः न्याय करायला जातात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. २००४ च्या फेब्रुवारीत कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरनं व्हँकुव्हरच्या कप्तानाला, मार्कस नॅसलंडला, डोक्यात धडक दिली. शिक्षा नाही, बंदी नाही. तीन आठवड्यांनी, ८ मार्चला, व्हँकुव्हरच्या टॉड बर्टुझीनं मूरचा पाठलाग केला, मागून जर्सी ओढली, ठोसा मारला आणि त्याच्या अंगावर कोसळला. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले. तो पुन्हा कधीच खेळला नाही. बर्टुझीवर फौजदारी गुन्हा दाखल झाला, त्यानं कबुली दिली, एक वर्ष देखरेख आणि ८० तास समाजसेवा एवढ्यावर सुटला. लीगनं त्याला उरलेला मोसम बाहेर ठेवलं आणि १७ महिन्यांनी परत घेतलं. त्यातलं एक पूर्ण वर्ष टाळेबंदीमुळं लीग बंदच होती. मूरचा दिवाणी दावा चालला २०१४ पर्यंत, आणि शेवटी कोर्टाबाहेर मिटला. नॅसलंडच्या धडकेला तेव्हा २ सामने दिले असते तर मूर कदाचित आणखी दहा वर्षं खेळला असता. कदाचितच, पण त्या ‘कदाचित’ची जबाबदारी कुणीच घेतली नाही.

मेंदूचा हिशेब तर लीगला नकोच आहे. मारामारीवर पोट भरणारा डेरेक बूगार्ड २०११ मध्ये २८ व्या वर्षी मेला. त्याच्या मेंदूत सीटीई सापडला, वारंवार डोक्याला मार बसून होणारा तो आजार. बेटमन वर्षानुवर्षे सांगत राहिले की हॉकीचा आणि या आजाराचा संबंध सिद्ध झालेला नाही. २०१८ मध्ये माजी खेळाडूंच्या दाव्यात लीगनं सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरवर तडजोड केली, चूक मान्य न करता. जी संस्था डोक्याला काही होत नाही म्हणते, ती डोक्यावर मारणाऱ्याला कुठल्या तोंडानं कडक शिक्षा देणार? यांचा ढिसाळपणा नुसता ढिसाळपणा नाही, त्यामागं कोर्टातली भीती आहे, असा माझा समज आहे.

पुन्हा काद्रीकडं येतो, कारण भाच्याची ओळ अजून उभी आहे. २०२२ च्या मे महिन्यात पुन्हा सेंट लुईस. पकसाठी धावताना काद्री गोलकीपर जॉर्डन बिनिंग्टनवर आदळला, सोबत ब्लूजचाच एक बचावपटूही होता. पंचांनी शिक्षा दिली नाही, लीगनंही नाही. पण बिनिंग्टन मालिकेतून बाहेर गेला आणि समोरच्या प्रशिक्षकानं काद्रीच्या पूर्वइतिहासाकडं बोट दाखवलं. त्या रात्री काद्रीला जे मेसेज आले त्यात हॉकी नव्हती. त्याचा मजहब होता, त्याचा वंश होता, जिवे मारण्याच्या धमक्या होत्या. पोलीस बंदोबस्त लागला. पुढच्या सामन्यात त्यानं तीन गोल केले. वर्षभरापूर्वीच, २०२१ च्या जूनमध्ये, त्याच्या लंडन गावात फिरायला निघालेल्या एका मुसलमान कुटुंबावर मुद्दाम ट्रक घालून चौघांना मारलं होतं. त्यामुळं धमकी ही नुसती धमकी म्हणून घेता येत नव्हती.

यात माझं म्हणणं असं. ज्या लीगमध्ये शिक्षा कृत्य पाहून ठरत नाही, तिथं नाव हाच पुरावा होतो. मग कुणाच्या नावापुढं ‘बदनाम’ लागतं, कुणाच्या पुढं ‘जिद्दी’. पहिलं काद्रीनं स्वतःच्या करणीनं कमावलं होतं, खरंय. पण त्या नावाला चिकटवायला बाकीच्यांकडं आणखी एक लेबल तयारच होतं. विल्सनच्या नावाला चिकटवायला तसं काही नव्हतं. भाचा इथपर्यंत बरोबर आहे, याच्या पुढं नाही.

आणि दोनच आठवड्यांनी, ४ जूनला, एडमंटनच्या इव्हँडर केननं काद्रीला मागून बोर्डवर ढकललं. अंगठा मोडला, शस्त्रक्रिया झाली. केनच्या नावावर आधीच्या बंद्या होत्या. शिक्षा, १ सामना. काद्री टाके घातलेल्या हातानं अंतिम मालिकेत परतला, चौथ्या सामन्यात जादा वेळेत विजयी गोल केला, आणि स्टॅन्ले कप जिंकणारा पहिला मुसलमान ठरला. ऑगस्टमध्ये तो कप घेऊन लंडनच्या मशिदीत गेला. फोटो तुम्ही पाहिलाच असेल, आपल्या ग्रुपांवर खूप फिरला. त्या केनच्या एका सामन्याबद्दल मात्र कुणी ओरडलं नाही. टोपीतला फोटो सापडला की आपला इन्साफ झाला!

२०२५ च्या मेमध्ये फ्लोरिडाच्या सॅम बेनेटचं कोपर टोरंटोच्या गोलकीपरच्या डोक्याला लागलं. गोलकीपर बाकावर ओकला, त्याला हॉस्पिटलात नेलं. शिक्षा नाही, बंदी नाही. पुढच्याच महिन्यात बेनेट प्लेऑफचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

मागणी फार मोठी नाही. फुटबॉलमध्ये थेट लाल कार्ड मिळालं की पुढचा किमान एक सामना गेला, मग तो मेस्सी असो की कुणी. तसंच इथं हवं. खेळाशी संबंध नसताना डोक्यावर मारलं तर किमान ५ सामने, समोरच्याला लागलं असो वा नसो. दुखापत झाली तर त्यावर वाढवा, पण खाली येऊ नका. दुसऱ्यांदा दुप्पट. प्लेऑफमधली बंदी पुढच्या मोसमाच्या पगारातून वसूल करा. आणि निकाल देणारी माणसं लीगच्या पगारावर नकोत, संघटनेच्याही नकोत. हे उद्या होणार नाही, कारण यातलं प्रत्येक कलम कुणाच्या तरी लाडक्याला लागतं.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला होता. त्याचा धाकटा आता तेराव्यात जाईल. कॅनडात २०१३ पासून अकरा-बारा वर्षांच्या पोरांच्या हॉकीत अंगानं धडक देण्यावर बंदी आहे, त्यानंतरच्या गटात ती सुरू होते. क्लबचा फॉर्म टेबलावर पडून आहे. बायको सही करू देत नाही. पोरगा रडतोय. खोलीत त्यानं काद्रीचं पोस्टर लावलंय, कप डोक्यावर धरलेलं.

‘तुम क्या बोलते मामू?’

मी म्हटलं, दोन दिवस थांब, सांगतो. तीन आठवडे झाले.